कॅसेटची दुसरी बाजू

आमच्या गावचा बँड लांबून ऐकावा, असं पंचक्रोशीत म्हणायचे. लांबून म्हणजे किती, तर मधे एखादा ओढा आणि दोन शेतं असावीत. तेवढ्या अंतरावरून ढोल तेवढा ऐकू यायचा आणि ढोल आमचा बरा होता. जवळ गेलं की मग ब्रासची भांडणं कानावर यायची. दोन ट्रम्पेट एका सुरात, आबांचा युफोनियम दुसऱ्याच सुरात, आणि मधे नानांचा क्लॅरिनेट दोन्हीकडच्या भावकीत अडकलेल्या सोयऱ्यासारखा. नवरदेव पाराजवळ आला की १९५४ सालच्या 'नागिन'मधली पुंगीची धून ठरलेली. (ती मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि आमच्या बँडला कधी कळलंच नाही.) एकदा शेजारच्या वाडीत नवरी सासरी निघाली, बाया रडतायत, आणि ह्यांनी 'नागिन' सुरू केली. नवरीचा बाप रडता रडता हसला. बिदागीतले पंचवीस रुपये मात्र त्यानं कापून घेतले.

या बँडनं आयुष्यात एक गोष्ट अशी केली की तिच्या तोडीचं वाजवणं मी पुढं मोठमोठ्या मैफलींतही फार वेळा ऐकलं नाही. तीस मिनिटांची एक बाजू. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलोय, पण आधी बँड आमच्याकडे आला कसा ते सांगायला पाहिजे, कारण बिघाडाचं मूळ तिथंच आहे.

पितळी वाद्यं आपल्याकडे आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. छावणीत सकाळ-संध्याकाळ बँड वाजायचा. तो संस्थानिकांनी पाहिला आणि प्रत्येकाला आपलाही असावा असं वाटलं. बडोद्याला सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली, दरबारी बँडही पोसला. पण आमच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या लहानसहान संस्थानांनीही ऐपत नसताना पाच-पंधरा माणसांचे बँड उभे केले. दसऱ्याचं सीमोल्लंघन, गादीवरचा वाढदिवस, साहेबाचं आगमन, एवढंच काम. वाजवणारे कोण? ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई, सूर, हलगी होती तेच. वाद्य बदललं, कपडे बदलले, दारात उभं राहायची जागा तीच राहिली.

१९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर वर्षभरानं, १९४९ मध्ये. राजांना तनखे मिळाले. बँडवाल्यांना काय मिळालं? आबांच्या वडलांना एक युफोनियम मिळाला. कुणी म्हणायचं बक्षीस, कुणी म्हणायचं लिलावात, कुणी म्हणायचं रात्री. तो घेऊन ते गावी आले आणि भावकीतली पोरं जमवून त्यांनी बँड काढला. बाकीची वाद्यं हळूहळू मेरठहून आली. मेरठच्या जाली कोठी भागात नादिर अली यांच्या कारखान्यापासून, म्हणजे १८८५ पासून, ही वाद्यं बनतात. देशातल्या निम्म्या वराती तिथल्या पितळेवर निघत असतील.

आता घोळ असा. विलायतेतल्या लष्करी बँडांचा सूर पूर्वी चढा असायचा, आज जगभर चालतो त्याच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराच्याही निम्म्यानं वर. १९२८-२९ च्या सुमारास त्यांनी तो खाली आणला आणि जुनी चढ्या सुराची वाद्यं भंगाराच्या भावात कुठं कुठं जाऊन पडली. मिरजेला तंबोरे-सतारी करणारी घराणी आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं आबांचा युफोनियम हातात घेऊन, दोन फुंका मारून हे निदान केलं होतं. "हे चढ्याचं हाय. सूर उतरवायची नळी थोडी बाहेर ओढली की बसंल." पण ती नळीच बसलेली होती. केव्हातरी कुठल्यातरी कासारानं गळती थांबवायला तिला झाळ मारली होती. झाळ काढायची तर नळी तुटायची भीती, आणि ती वडलांची, म्हणजे आबांच्या लेखी राजाची. आबांनी ती तशीच ठेवली. चाळीस वर्षं तो एक युफोनियम सगळ्या बँडच्या वर अर्धं बोट वाजत राहिला. मालकाचंच वाद्य, तेव्हा चूक बाकीच्यांचीच ठरायची.

नाना आबांचे चुलतभाऊ. उंच, किडकिडे, एका डोळ्यात वडस. त्यांचा क्लॅरिनेट जुन्या पद्धतीचा, तेरा कळांचा. त्याची भोकं उघडी असतात, बोट अर्धवट उचलून सूर घसरवता येतो, मींड काढता येते. ट्रम्पेटच्या तीन खटक्यांना हे जमत नाही. पण वरातीत नानांची मींड ऐकणार कोण? मी स्वतः गावात वाढून पस्तिशीपर्यंत ती ऐकली नव्हती.

त्यांना काय म्हणायचे तेवढंच मी इथं लिहितोय, आडनावं लिहीत नाही. नानांच्या मुलानं तसं सांगितलंय. तो पुण्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. म्हणाला, "गुरुजी, हाक मारायचे ते लिवा. आडनाव आलं की लोकं आधी दुसरंच वाचत्यात." मी त्याच्याशी वाद घातला नाही. घालायचा मला अधिकारही नाही. १९८१ साली माझ्या बहिणीच्या लग्नात हाच बँड होता. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत वाजवला. जेवायला त्यांना सगळ्या पंगती उठल्यावर गोठ्याच्या कडेला बसवलं आणि वाढायला मी होतो. बुंदी संपली होती. मी म्हटलं, "नाना, बुंदी संपली वो." ते म्हणाले, "असूंद्या, आमास्नी भातच बरा." मी बी.ए. झालेला होतो तेव्हा, शाहूंवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेला.

आता कॅसेटकडे येतो. फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये ती काढली, पण आमच्याकडे पोचायला पंधरा-वीस वर्षं लागली. आधी आखातात गेलेल्या कुणाच्या तरी घरी टू-इन-वन आला. मग तालुक्याच्या प्रत्येक चहाच्या हॉटेलात. तोवर गाणं विकत घ्यायचं म्हणजे तबकडी, आणि तबकडी म्हणजे एचएमव्ही, म्हणजे डमडमचा कारखाना. आमच्यासारख्यांनी ती वाड्यावरच्या कपाटात बघायची. १९८३ मध्ये दिल्लीच्या दर्यागंजमधल्या फळांच्या रसाच्या दुकानदाराच्या मुलानं, गुलशन कुमारनं, सुपर कॅसेट्स कंपनी काढली, स्वस्त कॅसेटींचा पूर आणला आणि सगळा बाजार उलटापालटा केला. त्यांचं बघून गावोगाव लहान कंपन्या निघाल्या. चार डबिंगची यंत्रं आणि एक छापखाना ओळखीचा असला की झाली कंपनी. भजनं, कलगीतुरा, भीमगीतं, देवीची गाणी, तमाशातली बतावणी, जे जे तबकडीवाल्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं ते सगळं पंधरा रुपयांत मिळायला लागलं. हे मोठं काम झालं, यात शंका नाही. फसवणूकही त्याच मापानं झाली.

१९८७ चा पावसाळा देशभर कोरडा गेला. आमचा कवठे महांकाळ-जतकडचा भाग तर कायमचाच अवर्षणाचा. त्याला वेगळं कोरडं व्हायची गरज नसते. तरी त्या वर्षी लग्नं पुढं ढकलली गेली, जी झाली ती देवळात पन्नास माणसांत. तुळशीचं लग्न होऊन दोन महिने गेले तरी बँडला तीन सुपाऱ्या आलेल्या. अशात कोल्हापूरच्या एका कॅसेटवाल्याचा माणूस आबांकडे आला. त्याला लग्नाची कॅसेट करायची होती. ज्यांना बँड परवडत नाही त्यांनी स्पीकरवर लावायची. बोली पंधराशे रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.

बँड न परवडणाऱ्यांसाठी बँडची कॅसेट. यात काय लपलंय हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट आबांनी कोटाची पितळी बटणं चिंचेनं घासून घेतली.

मी बरोबर गेलो कारण कागदपत्र असेल तर वाचायला कुणीतरी हवं होतं. १९८८ चा फेब्रुवारी. पहाटे बैलगाडीनं स्टेशनावर, तिथून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं मिरजेला. ही अडीच फुटी रुळांची गाडी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. तिच्या डब्यात ढोल दारातून आत जात नव्हता, तो दोघांनी मांडीवर धरून दारात बसून नेला. आरगच्या पुढं आबांनी डब्यातच युफोनियम काढून फुंकला, तेव्हा पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "कुणाचं लगीन रं?" नाना म्हणाले, "आमचंच."

कोल्हापुरातली ती जागा म्हणजे एका माडीवरची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीत पोती. आम्ही अकरा जण वर चढलो तेव्हा निम्मे जिन्यातच राहिले. रेकॉर्डिंग करणारा माणूस साठीचा, पूर्वी कोल्हापुरातल्या सिनेमा स्टुडिओत ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली होता. स्टुडिओ थंडावले आणि तो इथं आला. फार बोलायचा नाही. त्यानं एकदा सगळ्यांना वाजवायला लावलं, अर्ध्या मिनिटात हात वर केला आणि डोळे मिटून बसला. मग माणसं हलवायला लागला.

ढोल आणि साईड ड्रम त्यानं जिन्याच्या चौकात नेले आणि मधलं दार अर्धं लावलं. खोलीत माइक दोनच, आणि ढोलाचा एक ठोका दोन्ही माइकांना पुरून उरत होता. ट्रम्पेटवाल्यांना सांगितलं, माइककडं पाठ करून गादीकडं तोंड करून वाजवा. नानांना मधे स्टुलावर बसवलं. मग आबांपुढं आला. दोनदा त्यांच्याकडून एकच सूर वाजवून घेतला, तोच सूर नानांकडून घेतला. दोन्ही सूर खोलीत एकमेकांना खात उभे राहिले.

"मालक, तुम्ही जरा जिन्यात बसता का?"

खोली गप्प झाली. आबा म्हणाले, "बँड माजा हाय."

"व्हय. म्हणून तर म्हणतोय."

आबा उठले. युफोनियम काखेत घेऊन, घासलेल्या बटणांचा लाल कोट घालून तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. मी दारात होतो, म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं. चाळीस वर्षांत ते आपला बँड पहिल्यांदा बाहेरून ऐकत होते.

पहिली अडचण लगेच आली. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, असं कंपनीचं फर्मान. गाण्यांच्या मालकांना पैसे द्यायला लागतात, ते आम्हाला परवडत नाही. सिनेमाची गाणी सोडून आमच्या बँडला येतं काय? आरती, देवीचा गोंधळ, वरातीची जुनी चाल, हळदीची चाल, लेझमीचा ठेका, भैरवी. ओढूनताणून एक बाजू भरली. ती वाईट नाही. सूर जुळलेले ऐकून ट्रम्पेटवाली पोरं एकमेकांकडं बघून हसत होती. पण ती बाजू म्हणजे एक नीट वाजवणारा बँड, याच्या पलीकडे काही नाही.

दुपारी भाकरी खाल्ल्यावर दुसरी बाजू लावली. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे अजून तीस मिनिटं पाहिजेत. आमच्याकडे होती सहा. रेकॉर्डिंगवाला घड्याळ बघत होता. संध्याकाळी पाचला भजनी मंडळ येणार होतं.

मग नानांनी काहीच न बोलता वाजवायला सुरुवात केली. मला पहिली काही क्षणं ओळखू आलं नाही, कारण हे वाद्यावर मी कधी ऐकलेलंच नव्हतं. जात्यावरच्या ओवीची चाल. चार-पाच सुरांतली, वर जाते न जाते तोच खाली उतरणारी, ओळीच्या शेवटी थोडी लांबणारी आणि हात बदलताना जसा श्वास घेतात तशी तुटणारी. नानांची आई पहाटे चारला दळायला बसायची. गावात पिठाची गिरणी आली, आणि पाच-सात वर्षांत जाती उंबऱ्याच्या पायऱ्या झाली. तेव्हापासून ही चाल कुणी म्हटलेली नव्हती. म्हणायला कारणच राहिलं नव्हतं.

खुळखुळा वाजवणारं पोरगं दहा-अकरा वर्षांचं होतं. खुळखुळा हलवायचा सोडून ते तो गोल फिरवायला लागलं. आतले खडे कडेनं घरंगळत राहिले आणि खोलीत जातं सुरू झालं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं जातं चालू असलेलं बघितलं असेल असंही मला वाटत नाही. रेकॉर्डिंगवाल्यानं उठून पाय न वाजवता एक माइक त्याच्या हाताजवळ सरकवला.

दोन बायका दळायला बसल्या की एक ओळ टाकते, दुसरी उचलते. नानांनी ओळ टाकली आणि दम घ्यायला थांबले, तेव्हा गादीत तोंड खुपसलेल्या एका ट्रम्पेटनं ती उचलली. गादीमुळं त्याचा आवाज पलीकडच्या घरातून आल्यासारखा. मग दुसऱ्यानं. मग पुन्हा नाना, आणि आता त्यांनी सूर घसरवायला सुरुवात केली, मागं म्हटलं ती मींड. बाहेर चौकात ढोलवाल्याला आत काय चाललंय दिसत नव्हतं. त्यानं टिपरू खाली ठेवलं आणि तळहातानं ढोलाच्या कातड्यावर हळूहळू घासत राहिला. ते टेपवर आलंय, कान देऊन ऐकलं तर.

सहा मिनिटांच्या नेहमीच्या वाजवण्यानंतर चोवीस मिनिटं हे चाललं. मधे कुणी बोललं नाही. माहेर, भाऊ, पंढरी, ओवीत जे असतं त्यातला एक शब्द नसताना सगळं त्यात होतं. बाजू संपली तेव्हा यंत्र खट्‌ करून बंद पडलं, नाना अजून वाजवत होते.

मी जिन्यात पाहिलं. आबांनी युफोनियम उलटा करून मांडीवर घेतला होता आणि त्यातलं पाणी काढत बसले होते. पाणी नव्हतंच, सकाळपासून फुंकलाच नव्हता.

खाली दुकानात कंपनीवाल्यानं कागद पुढं केला. टाइप केलेलं एक पान. मी वाचलं. एकरकमी मोबदला मिळाला, या ध्वनिमुद्रणावर आमचा कोणताही हक्क राहणार नाही, कंपनी ते कोणत्याही नावानं, कोणत्याही स्वरूपात विकू शकेल. मला ते वाक्य खटकलं. खरं सांगायचं तर खटकलं हे मी नंतर स्वतःला सांगत आलो. त्या वेळी सहाची गाडी होती, पोरं भुकेली होती, आणि पंधराशे रुपये टेबलावर मोजून ठेवलेले होते. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "करा सही, काही नाही त्यात." आबांनी केली, नानांनी अंगठा दिला. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे आले.

खटकून तरी काय केलं असतं? तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, वाजवणाऱ्याला काही स्थानच नव्हतं. गीत लिहिणाऱ्याचा हक्क, चाल बांधणाऱ्याचा हक्क, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा हक्क. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. आणि चाल बांधणारा म्हणावा तर ओवीची चाल कुणाची? नानांच्या आईची, तिच्या आईची, जातं ओढलं त्या सगळ्यांची. कायद्याच्या भाषेत कुणाचीच नाही. हे सगळं मी नंतर वाचलं आणि वाचून मला थोडं बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली.

कॅसेट उन्हाळ्यात आली. कव्हरवर एक सिनेमातल्यासारखं जोडपं आणि खाली निळ्या कोटातला भलताच बँड. आमच्या बँडचं नाव आत बारीक अक्षरात, माणसांची नावं कुठंच नाहीत. दुसऱ्या बाजूला छापलं होतं 'लग्नाच्या पारंपरिक धून, भाग २'. पण जत्रांतून ती खपली. आषाढीला पंढरपुरात एका टपरीवर मी स्वतः पाहिलं, दुकानदार पहिली बाजू लावायचाच नाही. बाया यायच्या, डोईवर तुळस तशीच, उभ्या राहून ऐकायच्या, आणि कुणाचं काय आहे हे न विचारता पंधरा रुपये काढून द्यायच्या. तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात पहाटेच्या गाडीला ही बाजू लागायची. चहावाला म्हणायचा, "ही लावली की गिऱ्हाईक भांडत न्हाई."

आणि पुढच्या लग्नसराईत आमच्या बँडला सुपाऱ्या आणखी कमी झाल्या. पाऊस बरा झाला होता, लग्नंही झाली. पण दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि ती कॅसेट दीडशे रुपयांत मिळत असेल तर अकरा माणसं, त्यांची जेवणं आणि सहाशे रुपये कोण घालवतो? एका लग्नात तर आमचा बँड पाराजवळ वाजवत होता आणि मांडवात स्पीकरवर तोच वाजत होता. आबांनी वाजवणं थांबवलं. मांडवातला बँड चालूच राहिला.

ज्यांनी बँड सांगितला ते म्हणायचे, तुमचं ते दळणाचं वाजवा. आबांनी दोन-तीनदा वाजवू दिलं. उघड्यावर, ढोलासकट, युफोनियमसकट. झालं काय, ते सांगायला नको. माणसं म्हणायची, कॅसेटवर हे न्हवतं, तुम्ही न्हवंच ते. याला उत्तर काय देणार? मला विचाराल तर त्यांचं खरं होतं. जो बँड गावात होता तो कॅसेटवर नव्हता, आणि कॅसेटवरचा बँड त्या एका दुपारीच काय तो होता. खोली लहान, माइक दोन, गाणी बंद, मालक जिन्यात, अशी सगळी अडवणूक एकत्र आली तेव्हा तो झाला. १९९० मध्ये त्याच कंपनीनं पुन्हा बोलावलं. या वेळी मोठी खोली, आठ माइक, आणि मधे एक कॅसिओ वाजवणारा. ती कॅसेट माझ्याकडे आहे. मी ती एकदाच ऐकली.

आबा आणि नाना तोवर बोलेनासे झाले होते. भांडण एकदाच झालं, चावडीसमोर, दोन वाक्यांचं. आबा म्हणाले, "तुझ्या त्या दळणानं आमचा धंदा दळला, नाना." नाना म्हणाले, "मग तुमी जिन्यात गेलासा कशाला?" पुढं नानांनी क्लॅरिनेट आढ्याला टांगला आणि द्राक्षाच्या बागेत रोजानं जायला लागले. आबांनी बँड आणखी दहाएक वर्षं ओढला. शेवटी शेवटी ढोल, एक ट्रम्पेट आणि ते स्वतः. मग डीजेच्या गाड्या आल्या आणि विषय मिटला. युफोनियम मुलानं पितळेच्या भावानं घातला. मोडीत गेला तेव्हा झाळ उकलली, असं मोडवाल्यानं सांगितलं म्हणे. मला ते खरं वाटत नाही, पण गावात सगळे सांगतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त आहेत त्या, आणि पुष्कळशा आता 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात ऐकायला मिळतात. निवृत्त झाल्यावर मी त्या ऐकत बसायचो. तेव्हा मला आपली कॅसेट आठवली. माळ्यावर होती. टेपला बुरशीचे पांढरे ठिपके आलेले, एका जागी सुरकुती. पुण्यात नानांच्या मुलानं ती एका मुलाकडून साफ करून, संगणकात भरून घेतली. नाना जाऊन तेव्हा बारा-पंधरा वर्षं झाली होती.

तो गावी आला तेव्हा आम्ही दोघं त्याच्या आईकडं गेलो. तिला कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. त्यानं मोबाइलवर दुसरी बाजू लावली, सुरुवातीची सहा मिनिटं ओलांडून. ती ऐकत राहिली. खुळखुळा सुरू झाल्यावर तिचा उजवा हात जमिनीवर गोल फिरायला लागला, आणि मग थांबला.

"लई घाईत दळायलंय, गुर्जी," ती म्हणाली. "आत्याबाई आशा न्हवत्या दळत. आसं दळल्यावर पीठ जाडं पडतंय."

मुलगा म्हणाला, अगं ते बाबांनीच वाजवलंय. पण माझ्या लक्षात आलं. कॅसेटमध्ये टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं पळायला हवी. कंपनीची डबिंगची यंत्रं स्वस्तातली. आम्ही तीस वर्षं ती बाजू थोडी वेगानं, थोडी चढ्या सुरात ऐकत आलो होतो. पुण्याला फोन केला. त्या मुलानं संगणकावर वेग जरा कमी केला आणि संध्याकाळी पुन्हा पाठवली. आम्ही पुन्हा लावली. तिचा हात या वेळी थांबला नाही. मधे एकदा तिनं दुसऱ्या हातानं न दिसणारं धान्य मुठीनं तोंडाशी टाकलं.

शेवटी खट्‌ झालं.

"आन्‌ फुडचं?"

"टेप तेवढीच होती, वहिनी."

तिनं हात पदराला पुसले आणि मुलाला म्हणाली, गुर्जींना च्या ठेव.